हेब्बाळची पदयात्रा आणि राहून गेलेला धडा

बंगळुरूच्या मध्यवस्तीतून विमानतळाकडे निघालं की बळ्ळारी रस्त्यावर हेब्बाळ लागतं. शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळात, १५३७ मध्ये बांधलेलं तळं आणि त्याच्या कडेचा भलामोठा उड्डाणपूल, एवढीच हेब्बाळची ओळख बहुतेकांना असते. मला मात्र हा भाग ओळखीचा वाटतो तो इथल्या तरुण मुलांमुळे. पशुवैद्यकीय महाविद्यालय इथलंच. थोडं पुढे गेलं की कृषी विद्यापीठाचा जीकेव्हीके परिसर. नागवाऱ्याच्या बाजूला मान्यता टेक पार्क. आतल्या गल्ल्यांमध्ये पीजीच्या, म्हणजे पेइंग गेस्टच्या पाट्या. संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभं राहिलं तर कन्नड, तेलुगू, हिंदीच्या गर्दीत मराठीही कानावर पडते: सोलापूरची, लातूरची, कोल्हापूरची, निपाणी-बेळगावची. अठरा ते पंचवीस वयाची, घरापासून पहिल्यांदाच लांब राहणारी ही मुलं.

म्हणूनच एचआयव्हीबाधितांसाठी निधी जमवणारी पदयात्रा हेब्बाळमध्ये निघते, तेव्हा ती अगदी योग्य जागी निघालेली असते. अशाच एका पदयात्रेत मीही चालले. रविवारची सकाळ होती आणि चालणाऱ्यांत कॉलेजची मुलंच जास्त, प्रत्येकाच्या छातीवर लाल फीत. शेजारून चालणारी एक मुलगी निपाणीकडची निघाली. माझी मराठी ऐकून "मावशी, तुम्ही कुठल्या?" असं तिनेच विचारलं आणि गप्पा सुरू झाल्या. बोलता बोलता म्हणाली, "शाळेत हा धडा होता आम्हाला. सर म्हणाले, घरी वाचा. घरी कुणासमोर वाचणार?"

तिला घोषणा पाठ होत्या. लाल फीत कशाची खूण आहे, हेही ठाऊक होतं. पण हा विषाणू शरीरात शिरून नेमकं काय करतो, तपासणी कधी करायची, औषध सुरू झाल्यावर माणसाचं पुढे काय होतं, यातलं काहीच तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पदयात्रेमुळे माणसं रस्त्यावर येतात, पैसा उभा राहतो, आणि या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. तरुण मुलांना वाचवतं ते मात्र वेळेवर, न लाजता, नीट समजावून दिलेलं ज्ञान. नेमकं तेच आपण वर्षानुवर्षं "घरी वाचा" म्हणून टाळत आलो आहोत.

पदयात्रेची ही रीत अमेरिकेतून आली. पहिली एड्स पदयात्रा लॉस एंजेलिसमध्ये २८ जुलै १९८५ रोजी निघाली. त्याच्या तीनच दिवस आधी हॉलीवूडचा नट रॉक हडसन याला एड्स झाल्याचं जाहीर झालं होतं आणि सारा देश हादरला होता. एक लाख डॉलर जमले तरी खूप, असं संयोजकांना वाटत होतं. जमले सहा लाखांहून जास्त. तेव्हा या आजारावर एकही औषध नव्हतं; एझेडटी हे पहिलं औषध मंजूर झालं १९८७ मध्ये. त्यामुळे त्या पैशातून व्हायची ती फक्त शुश्रूषा: घरच्यांनी टाकलेल्या, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या तरुण माणसांना जेवण, औषधपाणी, सोबत. १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन १९८८ पासूनचा आणि लाल फीत १९९१ ची. आज आपण ज्या खुणा छातीवर लावतो, त्या सगळ्या त्या असहाय वर्षांत जन्मल्या.

भारतात आता औषधासाठी वर्गणी काढावी लागत नाही. १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक उपचार सुरू झाले आणि पुढे ते देशभर पोचले. २०१७ पासून तर तपासणीत लागण आढळली की प्रकृती कशीही असो, लगेच औषध सुरू करतात. मग जमलेला पैसा जातो कुठे, असा प्रश्न पदयात्रेत हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. गोळी फुकट मिळाली तरी केंद्रापर्यंतचं एसटीचं भाडं फुकट नसतं, त्या दिवसाची बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही आणि गोळीबरोबर पोटभर जेवण मिळेलच असं नाही. आईवडील दोघंही गेलेल्या मुलांना तर घरच लागतं.

पंढरपूरला मंगलाताई शहा यांच्या प्रभा-हिरा प्रतिष्ठानची ‘पालवी’, लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये सुरू केलेलं ‘सेवालय’, बीडजवळचं ‘इन्फंट इंडिया’ ही अशी घरं आहेत. लोकांनी हात दिला म्हणून ती उभी आहेत. बापटले यांनी मोठ्या झालेल्या मुलांसाठी गावच वसवायला घेतलं आणि त्याला नाव दिलं ‘हॅपी इंडियन व्हिलेज’. या तीन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून पाहा. ज्या तीन अक्षरांनी या मुलांना गावाबाहेर काढलं, त्याच अक्षरांचं त्यांनी गाव केलं.

निधीचं हे असं. शिक्षणाचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एचआयव्हीच्या ‘परिपूर्ण माहिती’ची एक कसोटी असते. दर वेळी कंडोम वापरला तर धोका कमी होतो; लागण नसलेल्या एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहिलं तरी तो कमी होतो; दिसायला ठणठणीत माणसालाही एचआयव्ही असू शकतो; शिवाय डासाने किंवा एका ताटात जेवल्याने लागण होते यांसारखे गैरसमज मनात नसावेत. एवढंच. यात वैद्यकशास्त्राचं अवघड असं काहीही नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २१.६ टक्के आणि पुरुषांपैकी ३०.७ टक्के या कसोटीला उतरले. त्याआधीच्या पाहणीत हे आकडे २०.९ आणि ३२.३ होते. म्हणजे ज्याच्या त्याच्या हातात स्मार्टफोन आले त्या काळात स्त्रियांची माहिती जेमतेम हलली आणि पुरुषांची कमी झाली. एचआयव्हीचं नाव ऐकलेली माणसं असंख्य आहेत, पण तो समजलेला माणूस चारात एखादाच.

तेव्हा हा राहून गेलेला धडा इथेच थोडक्यात घेऊ.

एचआयव्ही हा विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पेशींमध्ये शिरतो. शरीराच्या संरक्षणाची सूत्रं हलवणाऱ्या या पेशी. आत गेल्यावर तो स्वतःच्या जनुकांची नक्कल पेशीच्या जनुकांतच गुंफून टाकतो आणि तिच्याकडून आपल्या नव्या प्रती बनवून घेतो. सुरुवातीला काहींना फ्लूसारखा ताप येतो आणि जातो, काहींना तेवढंही होत नाही. त्यानंतर उपचार नसले तरी आठ-दहा वर्षं माणूस धडधाकट दिसू शकतो. आत सीडी-४ पेशी घटत जातात आणि एक दिवस अशी वेळ येते की साधा जंतूही जिवावर बेततो. त्या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. लागण होणं आणि एड्स होणं यांत वर्षांचं अंतर असतं आणि आजच्या औषधांनी ते अंतर आयुष्यभराचं करता येतं. रोज गोळी घेणाऱ्याच्या शरीरात नव्या प्रती बनणं थांबतं. काही पेशींत मात्र विषाणू निपचित पडून राहतो. शेतातलं तण कितीही खुरपलं तरी मातीत बी उरतंच, तसंच हे. गोळ्या सोडल्या की तो पुन्हा उगवतो, म्हणून गोळी कायमची.

विषाणू पसरतो तो रक्तातून, वीर्य आणि योनिस्रावासारख्या लैंगिक स्रावांतून आणि आईच्या दुधातून. म्हणजे कंडोमशिवायचा संबंध, दुसऱ्याने वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आणि गरोदरपण, बाळंतपण किंवा स्तनपान. लाळ, घाम, अश्रू यांतून तो पसरत नाही. एका खोलीत राहून, एक स्वच्छतागृह वापरून, एकाच ताटात जेवून, मिठी मारून तो होत नाही. डासाचा प्रश्न तर प्रत्येक सभेत येतो, कारण हिवताप डासाने होतो हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो आणि त्याच्या लाळेत येऊन बसतो. एचआयव्हीला डासाच्या शरीरात वाढताच येत नाही, तो रक्ताबरोबर पचून जातो. शिवाय डास चावताना आपल्यात सोडतो ती त्याची लाळ. आधी शोषलेलं रक्त तो परत सोडत नाही. एवढी दोन कारणं ऐकली की शंका कायमची फिटते. नुसतं "डासाने होत नाही" असं फळ्यावर लिहिलं तर ती फिटत नाही. मुलांना कारण लागतं आणि ते मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

तरुणांना सगळ्यात कमी ठाऊक असते ती वेळेची गोष्ट. लागण झाल्याबरोबर ती चाचणीत दिसत नाही. मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात आणि प्रतिपिंडं शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणीसाठी तो तीन महिन्यांपर्यंत धरतात. धोका घडून आठवडा झाला, चाचणी केली, निगेटिव्ह आली आणि मुलगा निर्धास्त झाला, असं म्हणूनच होता कामा नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला हवं. दुसरी वेळ याहून तातडीची. बलात्कार, फाटलेला कंडोम, टोचलेली सुई असं काही घडलं तर पुढच्या ७२ तासांच्या आत औषध सुरू करून ते २८ दिवस घेतलं की लागण बहुतेक वेळा टळते. जितकं लवकर तितकं चांगलं. पीजीच्या खोलीत घाबरून बसलेल्या मुलीला किंवा मुलाला ही ७२ तासांची गोष्ट माहीत नसेल, तर उपाय जवळच्या रुग्णालयात असूनही वेळ निघून जाते. शिक्षण नसण्याची याहून क्रूर किंमत मला सुचत नाही.

आणि या धड्यातला सर्वात आनंदाचा भाग, जो मराठी वाचकांपर्यंत फारसा पोचलेलाच नाही. जोडप्यातल्या एकाला लागण आहे, दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला. भारतातून त्यात चेन्नई आणि पुणे होतं. पुण्यातलं काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने केलं. २०११ मध्ये निष्कर्ष आला: लागण असलेल्या जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. पुढे युरोपात हजारभर जोडप्यांवर झालेल्या अभ्यासांत, रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली आलेल्या जोडीदाराकडून कंडोमशिवायच्या संबंधांतही एकालासुद्धा लागण झाली नाही. विषाणू आढळत नाही, तर लैंगिक संबंधातून तो पसरतही नाही. याचा अर्थ एचआयव्हीबाधित तरुण लग्न करू शकतो, मुलं होऊ देऊ शकतो, जोडीदाराला सुरक्षित ठेवू शकतो. आईने वेळेवर औषध घेतलं आणि बाळालाही दिलं, तर बाळ बहुतेक वेळा विषाणूमुक्त जन्मतं आणि राहतं. हे घराघरांत कळलं असतं तर किती ठरलेली लग्नं मोडायची वाचली असती, किती सुनांना माहेरी धाडायचं टळलं असतं.

शिक्षणाने खरंच फरक पडतो का? साथरोगतज्ज्ञ हा प्रश्न १५ ते २४ या वयोगटाला विचारतात. चाळिशीच्या माणसाला लागण नक्की कधी झाली हे सांगणं कठीण, पण विशीतल्या मुलीला झाली असेल तर ती अलीकडेच. म्हणून या वयातले आकडे म्हणजे साथीची आजची नाडी. दक्षिणेतल्या चार राज्यांत, म्हणजे तामिळनाडू, आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात, प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या १५ ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण २००० मध्ये १.७ टक्के होतं, ते २००४ मध्ये १.१ टक्क्यांवर आलं. राजेश कुमार, प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे मांडलं, तेव्हा भारतात एड्सने कोट्यवधी माणसं मरणार असं भाकीत करणाऱ्यांनाही थांबून विचार करावा लागला. मोफत औषधं तर नुकतीच कुठे सुरू होत होती. या घसरणीचं श्रेय जातं ते वेश्यावस्तीत कंडोम पोचवणाऱ्यांना आणि तो वापरायला गिऱ्हाइकाला भाग पाडणाऱ्या तिथल्याच बायकांना. सांगलीत मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून हेच केलं: ज्यांना जग दोष देत होतं, त्या बायकाच शिक्षिका झाल्या. ज्ञान समवयस्काने, आपल्या बोलीत, लाज न बाळगता दिलं तर ते अंगी उतरतं, याचा याहून पक्का पुरावा मला माहीत नाही.

आणि आपण शाळेत काय केलं? केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या साथीने किशोरांसाठी शिक्षणाचा कार्यक्रम आखला. २००७ मध्ये त्यातल्या चित्रांवरून आणि शब्दांवरून गदारोळ झाला आणि एकामागून एक राज्यांनी तो कार्यक्रम थांबवला. त्यांत महाराष्ट्र होता, कर्नाटकही होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला दिल्लीहून ‘रेड रिबन एक्स्प्रेस’ निघाली आणि वर्षभर १८० स्थानकांवर थांबत लोकांना एचआयव्हीची माहिती देत फिरली. फलाटावर जे सांगायला हरकत नव्हती, ते वर्गात सांगायला बंदी. या विसंगतीचा मला आजही राग येतो. वर्गातला मुलगा फलाटावर जातोच असं नाही, पण मोबाइलवर अश्लील चित्रफितींपर्यंत तो नक्की पोचतो आणि तिथे त्याला संमती, कंडोम, तपासणी यांतलं काहीही शिकायला मिळत नाही. लैंगिक शिक्षणाने मुलं बिघडतात ही भीती जगभर तपासून झाली आहे. युनेस्कोने अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. असं शिक्षण मिळालेली मुलं लवकर संबंधांकडे वळतात असं त्यात दिसलं नाही; संबंध ठेवताना ती अधिक काळजी घेतात, असं दिसलं.

ही भीती मराठीला नवी नाही आणि तिला दिलेलं उत्तरही नवं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि गुप्तरोगांपासून स्त्रियांच्या कामसुखापर्यंत सगळं शुद्ध, शास्त्रीय मराठीत लिहिलं. अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वी ज्या भाषेत हे बोललं गेलं, त्या भाषेला शब्द नाहीत अशी सबब शिक्षकांनी सांगू नये.

भारतातला एचआयव्ही १९८६ मध्ये पहिल्यांदा सापडला, त्यातही एक मराठी नाव आहे. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हा विषय सुचवला. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, ते वेल्लोरला तपासले गेले आणि त्यांतले सहा पॉझिटिव्ह निघाले. तोवर हा आजार परदेशातला, आपल्याकडे येणारच नाही, असं म्हटलं जात होतं. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी काढलेल्या संस्थेला वडिलांचं नाव दिलं आणि त्या नावात संशोधनाच्या बरोबरीने शिक्षण हा शब्दही घातला. डॉक्टरसुद्धा रुग्णाला हात लावायला घाबरत असताना त्यांनी हे काम अंगावर घेतलं. २०१५ मध्ये त्या गेल्या. २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

घाबरण्याचा हा वारसा मुलांच्या वाट्याला फार येतो. ‘सेवालय’मधली मुलं हासेगावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा, २००९ मध्ये, गावाने विरोध केला, पालकांनी आपली मुलं शाळेतून काढली. त्या पालकांना दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खरं तर एका बाकावर बसून लागण होत नाही, हे त्यांना त्यांच्या शाळेत कुणी शिकवलंच नव्हतं. एका पिढीचा राहिलेला धडा पुढच्या पिढीतल्या अनाथ मुलांनी भोगला.

जन्मतःच लागण घेऊन आलेली मुलं पूर्वी फार जगत नसत. २००६ च्या अखेरीला लहान मुलांसाठीची औषधं सरकारी केंद्रांत येऊ लागली, म्हणून त्यांतली कितीतरी आज कॉलेजात आहेत, नोकरीत आहेत, कदाचित हेब्बाळच्याच एखाद्या पीजीत आहेत. लहानपणी त्यांना "ताकदीच्या गोळ्या" म्हणून औषध दिलेलं असतं. खरं कधी सांगायचं याचं धैर्य आजीला किंवा काकाला होत नाही आणि मूल बारा-चौदाव्या वर्षी भलत्याच प्रसंगी ते कुणाच्या तरी तोंडून ऐकतं. त्यानंतरची वर्षं फार नाजूक. वसतिगृहात सगळ्यांसमोर बाटली कशी काढायची, खोलीतल्या मुलीने "कसल्या गं गोळ्या?" विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीने डोस चुकतात. डोस चुकत गेले की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणजे खोलीतली मैत्रीण शिकलेली असेल, तर तिच्या शेजारच्या पलंगावरची मुलगी जगते. एचआयव्हीचं शिक्षण ज्यांना लागण नाही त्यांनाच आधी हवं, असं मी म्हणते ते यासाठी.

कायदा या मुलीच्या बाजूने आहे. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. लागण आहे म्हणून शाळेत प्रवेश, नोकरी, उपचार किंवा भाड्याचं घर नाकारता येत नाही. नोकरी किंवा प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कुणाची स्थिती जाहीरही करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. टेक पार्कमधल्या कंपन्यांना हे थेट लागू आहे. आणि यातलं एक कलम वाचताना माझे डोळे भरून येतात: ज्या घरात आईवडील एचआयव्हीने गेले किंवा अंथरुणाला खिळले, तिथे बारा वर्षांपुढचं समजूतदार भावंडही धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी, बँकेच्या खात्यासाठी, उपचारासाठी पालक म्हणून उभं राहू शकतं. कायदा करणाऱ्यांनी अशी घरं पाहिली असणार.

अजून ही साथ संपलेली नाही. राष्ट्रीय अंदाजानुसार २०२३ मध्ये देशात सुमारे २५.४४ लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती आणि त्या एका वर्षात अडुसष्ट हजारांवर नव्या लागणी झाल्या. २०१० च्या मानाने ही संख्या ४४ टक्क्यांनी कमी आहे, हे यश मोठं आहे. बाधितांच्या संख्येत महाराष्ट्र पहिला, त्यानंतर आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. म्हणजे हेब्बाळमध्ये राहणारा मराठी मुलगा ज्या दोन राज्यांत ये-जा करतो, ती दोन्ही पहिल्या तिनांत आहेत.

तर हेब्बाळसारख्या ठिकाणी पदयात्रा काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे. यात्रा जिथे संपते तिथे केळी आणि पाण्याच्या बाटल्यांशेजारी एक समुपदेशक बसवा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायची पेटी ठेवा, कारण तोंडाने न विचारलेले प्रश्न चिठ्ठीत येतात. कन्नडबरोबर मराठी, तेलुगू, हिंदीतही पत्रक छापा. मरणाची भीती घालणाऱ्या घोषणा आता सोडून द्या. भ्यायलेला माणूस तपासणीला येत नाही, लपतो. आणि कंडोम कसा वापरायचा हे लाकडी नमुन्यावर दाखवायला लाजू नका. कॉलेजांमधले रेड रिबन क्लब यासाठीच आहेत. त्यांनी १ डिसेंबरची रांगोळी काढून न थांबता वर्षभर हे करावं.

निपाणीच्या त्या मुलीने शेवटी विचारलं होतं, तपासणीला गेलं तर काय काय विचारतात? सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात आधी समुपदेशक बंद खोलीत बोलतो, चाचणी कशाची हे समजावतो आणि संमती घेतो. मग थोडं रक्त घेतात. पैसे लागत नाहीत. अहवाल बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतो आणि तो फक्त ज्याचा त्याच्याच हातात, पुन्हा एकदा समजावून. पॉझिटिव्ह आला तर तिथूनच एआरटी केंद्राची चिठ्ठी देतात. जायचा धीर होत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि नाव न सांगताही विचारता येतं.